रुग्णांना आराखड्याआधी बोलाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बाह्यरुग्ण विभागाची नवी घडी बसवताना रुग्णांना सोबत घेणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. पण आराखडा तयार करून मग त्यांना बोलावणार असशील, तर थांब. तेव्हा त्यांना मान डोलावण्यापलीकडे काही उरत नाही. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निघालेल्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानं आरोग्यसेवेच्या नियोजनातला सहभाग हा लोकांचा हक्कच मानला आहे, नुसत्या अंमलबजावणीतला नव्हे.

आधी दोन-तीन दिवस विभागात नुसता बसून बघ. दारातून आत आल्यापासून औषधं घेऊन बाहेर पडेपर्यंत रुग्ण कुठे थांबतो, कुणाला विचारतो, कुठे चुकतो, ते वेळेसकट लिही. मग दहा-बाराजणांशी एकेकट्यानं बोल. ‘सेवा कशी वाटली?’ असं विचारलंस तर ‘चांगली’ एवढंच ऐकू येईल, कारण त्यांना पुन्हा त्याच डॉक्टरांकडे यायचं असतं. ‘केसपेपर काढल्यापासून काय काय झालं?’ असं विचार. लेखी परवानगी घेऊन हे बोलणं चित्रित कर आणि निवडक अर्धा तास कर्मचाऱ्यांना दाखव. अहवालातला ‘गैरसोय’ हा शब्द नजरेखालून निघून जातो. रिपोर्ट हातात घेऊन तासभर ताटकळलेल्या बाईंचा आवाज तसा जात नाही.

रुग्णांची आणि कर्मचाऱ्यांची पहिली बैठक मात्र वेगवेगळी घे. थेट समोरासमोर बसवलं की रुग्ण गप्प होतात आणि कर्मचारी खुलासे देत बसतात. नंतरच्या एकत्र बैठकीत तीन-चारच प्रश्न निवडा. प्रत्येकासाठी सहाजणांचा गट, त्यात निम्मे रुग्ण. समितीवर एकच रुग्ण नेमणं सगळ्यात वाईट. इतक्या डॉक्टरांपुढे तो बोलणार तरी कसा?

आणि ज्यांनी येणंच सोडलं, त्यांना नोंदवहीतून शोध. सेवा नेमकी कुठे तुटते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी ठेव, प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी हातात दे. नाहीतर निवृत्त, शिकलेली, मोकळा वेळ असलेली तीच ती माणसं येत राहतील.

प्रत्येक सूचनेचं काय झालं, ते सुचवणाऱ्यांना महिन्याभरात कळव. नकार असला तरी कारणासह. उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या राहतात.

पहिल्या बैठकीची विषयपत्रिका मला पाठव. किती पैसे आहेत आणि काय बदलता येणार नाही, हे तिच्यात सुरुवातीलाच स्पष्ट लिही.

तुझा मित्र