मास्तरीण भांडली!

पुणे, १४ जानेवारी

प्रिय बाळ्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घातल्या असशीलच. माझं बीपी ठीक, गुडघा तसाच. मुद्दा असा, की परवा मास्तरीण माझ्याशी भांडली. चांगली तासभर!

चार महिने घरात भांडण नव्हतं रे. सप्टेंबरात तिची तीन महिन्यांची साखर ८.१ निघाली आणि बाईंनी वही घातली. सकाळी बोट टोचायचं, आकडा लिहायचा, दीड पोळी, वाटीभर उसळ, संपलं. ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी मुकाट्याने उचलून वाळत घालायची. १९८६ पासून आपण तो तोंडाचा पट्टा सोसला (तू तर तिचीच बाजू घ्यायचास, गद्दारा), आणि आता त्या शांततेचंच भय वाटायला लागलं होतं.

बारा जानेवारी आठवते ना? नोंदणी कचेरीतून उतरल्यावर तू कॅम्पातल्या इराण्याकडून मेणकागदातले सहा मावा केक आणलेस आणि त्यातले दोन स्वतःच हाणलेस. अजून नाकबूल करतोस. दरवर्षी त्या दिवशी मावा केक ठरलेला. यंदा ती म्हणाली, "आणू नकोस." रागाने नव्हे, नुसतंच.

म्हणून मीच करायला घेतला. हस. हॉस्टेलच्या स्टोव्हवर शिऱ्याची वीट पाडणारा हाच तो.

पहिला बीटाचा, गुलाबी होईल या आशेने. सोडा आणि आच लागली तसा मातकट झाला, तळाशी ओला लगदा. दुसऱ्यांदा हिवाळ्यातली लाल गाजरं घेतली, पाव किलो. बारीक किसून फडक्यात पिळली, रस मी प्यालो. मावा, लोणी रद्द. चार मोठे चमचे तेल. हलकेपणा आणायचा अंड्यांतून: तीन अंडी गुळाच्या पावडरीबरोबर इतकी फेटायची, की पडलेली धार वर क्षणभर तरंगावी. दंड भरून आले. कणीक आणि मैदा निम्मे निम्मे, सोड्याला आंबट हवं म्हणून दही. दालचिनी, जायफळ, लवंगेची चिमूट, आणि इराण्याच्या आठवणीखातर वेलची. कीस शेवटी, हलक्या हाताने, नाहीतर फेटलेली हवा जाते. १७० अंशांवर ४० मिनिटं.

फुगला, बाळ्या!

वासावर ती आत आली. नखभर तुकडा तोंडात टाकला. "साखर?"

मी छाती काढून म्हणालो, "एक कण नाही. गूळ!"

झालं. "गूळ म्हणजे काय औषध? रक्तात गेल्यावर दोन्ही सारखेच! आणि मैदा? तो कुणी मोजायचा?" वही आली, पेन आलं. तिथून गाडी टॉवेलवर, मग कोल्हापूरच्या ट्रिपवर, मग तुझ्यावर. मी मध्ये मुद्दाम एक भागाकार चुकवला, पट्टा थांबू नये म्हणून.

निकाल लागला: बारावा भाग चालेल, जेवणातली अर्धी पोळी वजा. तेवढा खाल्ला तिने. काल सकाळी वही चोरून पाहिली. आकड्याशेजारी लिहिलंय, "वेलची जास्त."

सूनबाईंची बातमी वहिनींकडून कळली, अभिनंदन, आजोबा. मोतीबिंदूचं एकदाचं उरकून घे.

तुझ्या वाटणीचा तुकडा मी खाल्ला. सहातल्या दोनांपैकी एकाची वसुली झाली.

तुझाच,
सुऱ्या