हुकाखालच्या पट्ट्याकडे लक्ष कोण देणार?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कारखान्यात क्रेनवरून माल कोसळून कामगार दगावला की ‘पट्टा तुटला’ एवढ्यावर बातमी संपते. भार क्रेनच्या हुकाला अडकवणारा तो पट्टा (स्लिंग) शेवटचा कधी तपासला होता आणि कामगाराला भाराखाली का जावे लागले, हे मात्र कोणी विचारत नाही. भोसरी परिसरातील यंत्रशाळांत पर्यवेक्षक म्हणून नोकरी केलेल्या मला याची फार खंत वाटते.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 ने क्रेनबरोबरच साखळ्या, दोर व पट्टे यांचीही बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक केली होती. आता नव्या कामगार संहिता आल्या असल्या, तरी कायदा कोणताही असो, केवळ वार्षिक तपासणी पुरेशी नाही. पत्र्याच्या धारदार कडेवर संरक्षक गादी न ठेवता भार उचलला, तर नवा पट्टासुद्धा एकाच पाळीत कापला जातो; आणि तरीही तो भारमर्यादेचे लेबल पुसलेल्या, प्रसंगी गाठ मारलेल्या अवस्थेत वापरला जातो.

शिवाय हुक लावण्याचे काम अनेक ठिकाणी ठेकेदाराच्या नवख्या मदतनीसाकडे असते. दोन पट्ट्यांमधील कोन 120 अंशांपर्यंत रुंदावला, तर एक टन भारासाठी प्रत्येक पट्ट्यावर अर्धा नव्हे, पूर्ण एक टन ताण येतो, हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते. भार हेलकावे खाऊ लागला की तो हाताने सावरायला पुढे जातो, कारण लांबून आवरण्यासाठी भाराला दोर बांधलेला नसतो. डोक्यावरचे हेल्मेट सुटलेल्या बोल्टापासून वाचवील, दोन टनांच्या डायपासून (लोखंडी साच्यापासून) नाही. अशा अपघातानंतर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा मारणे मला अन्यायाचे वाटते.

प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला पट्टे, शॅकल (पट्टा जोडण्याची लोखंडी कडी) आणि हुकाची कडी पाहावी व खराब पट्टा तिथल्या तिथे कापून टाकावा, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या हाती लागणार नाही. भारमर्यादेचा तक्ता मराठी आणि हिंदीत क्रेनजवळ लावावा. भाराखाली माणूस दिसताच क्रेन थांबवण्याचा अधिकार ठेकेदारी कामगारालाही असावा आणि त्यासाठी त्याची हजेरी कापली जाऊ नये. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांनीही कार्यालयातील नोंदवही पाहून न परतता पट्ट्यांच्या मांडणीपर्यंत जावे, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक निवृत्त पर्यवेक्षक, भोसरी