रेवाची सीट केबिनमध्ये, ईशानचा पट्टा पिशवीत

पुणे

प्रिय मंदार,

मुलांना घेऊन विमानाने एडिसनहून पुण्याला येताना त्यांच्या कार सीटचं काय करायचं, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. चौदा महिन्यांच्या रेवासाठी स्वतंत्र सीटचं तिकीट काढ आणि तिची कार सीट सामानात न टाकता केबिनमध्ये घेऊन बस. ईशानची बोजड सीट एडिसनलाच राहू दे, त्याच्यासाठी केअर्सचा पट्टा, म्हणजे विमानाच्या खुर्चीला लावायचे मुलांचे खांदेपट्टे, घे. पुण्यात त्याला लागेल ती सीट मी इथे बघतो. आता का आणि कसं ते सविस्तर लिहितो. केतकीलाही वाचायला दे, कारण सीट बसवताना दोघांपैकी एकाच्या कडेवर रेवा असणार.

"दोन वर्षांखाली मांडीवर चालतं, मग पैसे कशाला घालवायचे?" असं तू लिहिलंस. चालतं हे खरंच. पण ती सवलत आहे, सुरक्षिततेचा दाखला नव्हे. १९ जुलै १९८९ला अमेरिकेत सू सिटीला युनायटेडचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं. तेव्हा मांडीवरच्या मुलांना पायापाशी जमिनीवर धरून ठेवा, अशी सूचना आईबापांना देण्यात आली होती; त्या वेळचा नियमच तसा होता. धडक बसली तेव्हा कुणालाही मूल हातात धरून ठेवता आलं नाही. अशा चार मुलांपैकी एक दगावलं. तेव्हापासून तिथली अपघात-तपास संस्था एनटीएसबी प्रत्येक मुलाला स्वतःची सीट द्या म्हणून मागे लागली आहे. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या एफएएने मात्र सक्ती केली नाही. जादा तिकीट परवडलं नाही तर लोक गाडीने जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील, असा त्यांचा हिशेब. अमेरिकेतल्या अंतर्गत प्रवासापुरता तो पटतोही. पण एडिसनहून पुण्याला गाडीने कोण येणार आहे?

आपल्याकडच्या आणि युरोपातल्या विमानांत मांडीवरच्या बाळाला छोटा जोडपट्टा देतात, तो मोठ्यांच्या पट्ट्यात ओवायचा असतो. अमेरिकी विमान कंपन्यांना त्याची परवानगी नाही. जोराचा झटका बसला की मोठं माणूस पुढे दुमडतं आणि मध्ये बाळाचं पोट सापडतं. विमान हवेत दणके खाऊ लागलं तर त्याने बाळ उडून जाणार नाही, इतकाच त्याचा उपयोग.

तिकीट काढताना एक गोम आहे. जन्मतारीख घातली की बऱ्याच संकेतस्थळांवर बाळ आपोआप मांडीवर जातं. तिकिटावर आयएनएफ दिसलं तर समज की सीट मिळालेली नाही. सीटवाल्या बाळासाठी बहुधा आयएनएस असतं. फोन करून घे, आणि त्याच फोनवर सीटचं मॉडेल, रुंदी आणि ती मागे तोंड करून बसवणार आहोत हे तिकिटावर नोंदवायला सांग. खर्चाचं म्हणशील, तर आंतरराष्ट्रीय प्रवासात मांडीवरच्या बाळाला साधारण मोठ्याच्या भाड्याच्या दहा टक्के पडतात आणि सीटवाल्याला बरेच जास्त. फरक मोठा आहे, मान्य. पंधरा-सोळा तास दहा किलोचं मूल मांडीवर घेऊन बसून बघ, मग बोलू.

आता रेवाची सीट उलटी करून बघ. बाजूला नाहीतर पाठीवर चिकटवलेल्या कागदात लाल अक्षरांतली एक इंग्रजी ओळ शोध. ही सीट मोटारीत आणि विमानात वापरण्यासाठी प्रमाणित आहे, असा तिचा अर्थ. ती ओळ आहे तर काम झालं. तिचा स्पष्ट फोटो फोनमध्ये ठेव, शिवाय सीटच्या माहितीपुस्तकातलं विमानाचं पानही. कर्मचाऱ्यांना दरवेळी नियम पाठ असतो असं नाही. कागद दाखवला की वाद मिटतो. प्लॅस्टिकवर ठोकलेली सीटच्या वापराची मुदतही बघ. बूस्टर, म्हणजे स्वतःचे पट्टे नसलेली बैठक, विमान सुटताना आणि उतरताना चालत नाही. कारण साधं: विमानात फक्त कमरेचा पट्टा असतो आणि बूस्टरला खांद्यावरचा लागतो.

हा कमरेचा पट्टा म्हणजे सगळ्या प्रकरणाचं मूळ. गाडीतला आयसोफिक्स (सीट अडकवायच्या कड्या), वरचा टेदर (सीटच्या माथ्यापासून मागे बांधायचा पट्टा), खाली टेकणारा पाय, यातलं काहीही विमानात उपयोगाला येत नाही. टेदर गुंडाळून रबर लाव, नाहीतर बोळातून जाताना प्रत्येक आर्मरेस्टमध्ये अडकेल. युरोपातल्या आणि आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच तान्ह्या बाळांच्या सीटना खांद्याचा पट्टा पाठीमागून गुंडाळावा लागतो. त्या विमानात बसतच नाहीत, मग वर कुठलाही शिक्का असो. तुझी अमेरिकी कन्व्हर्टिबल, म्हणजे मागे किंवा पुढे तोंड करून लावता येणारी सीट, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बसते.

रुंदी टेपने मोज, सगळ्यात फुगीर जागी, कपहोल्डर धरून. १६ इंचांपर्यंतची बहुतेक विमानांत बसते. इकॉनॉमीची खुर्ची १७-१८ इंच असते, त्यामुळे १७ची सीटही बहुधा जमते. आर्मरेस्टच्या उंचीला ती किती रुंद आहे ते महत्त्वाचं. वर पसरलेली असली तर फारसं बिघडत नाही. कपहोल्डर निघत असेल तर काढून घरीच ठेव. रेवाची सीट फार जड असेल तर कॉस्को कंपनीची सिनेरा ही सीट बघ. साडेचार-पाच किलोची, दिसायला अगदीच साधी, पण प्रवासाला तिच्याइतकी सोयीची दुसरी शोधून सापडायची नाही.

जागा निवडताना आणीबाणीच्या दाराची रांग, तिच्या पुढची आणि मागची, या तिन्ही सोड. अगदी पुढच्या भिंतीजवळच्या रांगेत काही विमानांत पट्ट्यातच एअरबॅग शिवलेली असते. पट्टा नेहमीपेक्षा जाडजूड दिसला की ओळखायचं. त्यावर मुलांची सीट बांधता येत नाही. भिंतीला लावून मिळणाऱ्या बाळाच्या पाळण्याच्या आशेने लोक ती रांग मागून घेतात आणि तिथेच फसतात. सीट खिडकीशी लावायची, म्हणजे तिला ओलांडून कुणाला बाहेर पडावं लागत नाही. मधल्या भागात चार खुर्च्या असतील तर मुलं मध्ये आणि तुम्ही दोघं कडेला, हेही चालतं.

तुमच्यासाठी मला मात्र एकामागे एक अशा दोन रांगा बऱ्या वाटतात. पुढच्या रांगेत ईशान खिडकीला आणि शेजारी तू. त्याच्या बरोब्बर मागे रेवा खिडकीला आणि शेजारी केतकी. मागे तोंड करून लावलेली सीट पुढच्या खुर्चीची पाठ अडवते, ती मागे झुकत नाही. परक्या माणसाची खुर्ची अडली की सोळा तास धुसफूस. ईशानची अडली तर तो तसाही पाय पोटाशी घेऊन झोपणार. आणि रेवाचं तोंड मागे असल्याने ती त्याच्या पाठीत लाथाही मारू शकत नाही.

या मांडणीत क्रम चुकवू नकोस: आधी ईशानचा पट्टा, मग रेवाची सीट, कारण त्याचा पट्टा मागच्या रांगेतून लावावा लागतो. केअर्स म्हणजे अर्धा किलोचा पट्टा, १० ते २० किलो वजनाच्या आणि १०० सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या मुलांसाठी. ईशान १४ किलो आणि ९६ सेंटीमीटर आहे म्हणतोस, म्हणजे या खेपेला बसतो. पुढच्या वर्षी नाही बसायचा. मागच्या रांगेत जाऊन ट्रे उघडायचा. पट्ट्याचा लाल फास खुर्चीच्या माथ्यावरून खाली सरकवत ईशानच्या खांद्यांच्या उंचीला आणायचा, ओढून घट्ट करायचा, मग ट्रे बंद. पुढून कमरेचा पट्टा खांदेपट्ट्यांच्या खालच्या लूपमधून ओवून बकल लावायचं. आधी कंबर घट्ट, मग छातीची क्लिप, शेवटी खांदे. याला पायांमधून येणारा पट्टा नसतो, म्हणून झोपलेलं मूल हळूहळू खाली घसरतं. बसवतानाच ढुंगण खुर्चीच्या पाठीला पार टेकव आणि रात्रीतून दोनदा तपास. बिझनेसच्या आडव्या होणाऱ्या खुर्च्यांना मात्र हा बसत नाही.

आता रेवा. आर्मरेस्ट वर कर. सीट झुकाव कमी करून, पुस्तकात दिलेल्या सगळ्यात उभ्या कोनात लाव. चौदा महिन्यांच्या मुलीला तेवढं पुरतं आणि जागाही वाचते. विमानाचा पट्टा मागे तोंड करून बसवण्याच्या खाचेतूनच घाल. दोन्ही खाचा सारख्याच दिसतात आणि घाईत चुकीची निवडली जाते. बहुतेक सीटवर निळी खूण मागे तोंडाची असते, तरी घरीच त्यावर रंगीत चिकटपट्टी लाव. बकल लाव, एका हाताने सीट खाली दाबून धर आणि दुसऱ्या हाताने पट्ट्याचं मोकळं टोक ओढ. खाचेपाशी धरून हलवून बघ. एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. आता आर्मरेस्ट खाली.

बकल कुठे येतंय याकडे नीट बघ. विमानातलं बकल झाकण उचलून उघडतं. ते सीटच्या प्लॅस्टिकला टेकून तोंड आत करून बसलं तर झाकण उचलायला जागाच राहत नाही आणि न्यूअर्क असो की मुंबई, सगळं विमान रिकामं झालं तरी सीट काही सुटत नाही. म्हणून लावतानाच झाकण तुझ्या बाजूला येईल असं ठेव आणि घट्ट करण्यापूर्वी एकदा उघडून बघ. तरी ते अडचणीत येत असेल तर एअर होस्टेसकडे पट्ट्याचा जादा तुकडा, एक्स्टेंडर, मागून घे. बकल बाहेर सरकतं. पुढे तोंड केलेल्या सीटला हा त्रास जास्त, कारण बकल नेमकं मुलाच्या पाठीखाली येतं.

रेवाचे खांद्याचे पट्टे तिच्या खांद्यांच्या बरोबरीने किंवा किंचित खाली हवेत, क्लिप काखेच्या रेषेत. जाड जाकीट काढून मगच बांध, थंडी वाजली तर पांघरूण वरून घाल. घट्ट केल्यावर खांद्यापाशी पट्टा चिमटीत येत नसेल तर ठीक बसलाय.

हे सगळं जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर कापडी कमरपट्टा बांधून एकदा करून बघ. विमानात दहा मिनिटंच मिळतात, मागे रांग लागलेली असते. लहान मुलांच्या कुटुंबांना आधी सोडतात तेव्हा एकाने सीट घेऊन पुढे जायचं आणि दुसऱ्याने मुलांना गेटवर खेळवत शेवटी यायचं.

सीट सामानात का नको, हेही सांगून ठेवतो. बहुतेक कंपन्या ती फुकट नेतात, पण तिच्यावर बॅगा आपटतात आणि आतल्या फोमला गेलेली चीर कापडाखाली दिसत नाही. शिवाय ती हरवली तर मुंबईत मध्यरात्री रेवाला कशात बसवणार?

मुंबई-पुणे टप्प्यासाठी आणखी एक गोष्ट आण. तुमच्याकडच्या गाड्यांत पट्टा पूर्ण बाहेर ओढला की तो लॉक होतो, मग सीट घट्ट बसते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो फक्त झटका बसल्यावरच अडतो, एरवी सैल सुटत राहतो. सीटमध्येच पट्टा पकडणारा चिमटा नसेल तर लॉकिंग क्लिप, म्हणजे इंग्रजी एचच्या आकाराची लोखंडी पट्टी, लागते. बकलच्या जिभेपासून एक इंचाच्या आत दोन्ही पट्टे तिच्यात एकत्र अडकवायचे. गाडीत आयसोफिक्सच्या कड्या असतील तर तुमच्या सीटचे पट्ट्यावरचे हुक बहुधा त्यात अडकतात आणि क्लिपची गरज पडत नाही.

कॅबवाल्याला मी तीन गोष्टी आधीच विचारून ठेवीन: मागचे पट्टे सीट कव्हरखाली गाडले गेलेत का, बकल चालू आहेत का, आणि डिकीत सीएनजीची टाकी आहे का. टाकी असली तर तुमच्या बॅगा कुठे जाणार! ईशानसाठी ९ ते १८ किलोची सीट मी गाडीतच घेऊन येईन, घरातून निघतानाच बसवून. परत जाताना ती तिकडे नेऊ नकोस. अमेरिकी प्रमाणपत्र नसलेली सीट तुमच्या गाडीत चालत नाही. इथेही आता चौदा वर्षांखालचं मूल न बांधता नेलं तर चालकाला हजार रुपये दंड आहे. तो वसूल होतो का, ते तुला येऊन दिसेलच.

रेवाच्या सीटचं मॉडेल आणि रुंदी एवढं लगेच कळव. आणि विमान किती वाजता उतरतंय तेही, म्हणजे गाडी ठरवतो.

तुझा,
नितीन