किलोमीटरचा दर आणि चालकाची दहा मिनिटं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कंत्राटी बसचालकांनी संप केला की ‘प्रवाशांचे हाल’ हा मथळा ठरलेला. हाल होतात, त्याबद्दल वाद नाही. पण चालकांनी गाऱ्हाणं न्यायचं कोणाकडे, हे त्या बातमीत सापडत नाही. बससेवेची सार्वजनिक संस्था म्हणते, ही आमची माणसं नाहीत. कंत्राटदार म्हणतो, मला किलोमीटरमागे ठरावीक दर मिळतो; टायर, गाडीचे हप्ते आणि पगार त्यातूनच. युनियनचे लोक दोन्ही दारं ठोठावून परत येतात.

मी निवृत्त होईपर्यंत बसची वेळापत्रकं बसवली. कागदावर प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटं विश्रांती असते. गाडी अकरा मिनिटं उशिरा आली की विश्रांती संपली. उभ्या गाडीचे किलोमीटर होत नाहीत आणि फेरी बुडाली तर दंड कंत्राटदाराला, मग तो फिरून चालकाच्या पगारात. शेवटच्या थांब्यावर उतरून, बाटलीतलं पाणी घशाखाली ढकलून, स्वच्छतागृहाकडे नुसतं बघून पुन्हा स्टिअरिंगवर बसलेला माणूस मी किती वेळा पाहिला! (कायम चालकाचीही विश्रांती बुडायची. पण ‘ही फेरी जाणार नाही’ असं तो तोंडावर सांगू शकायचा, कारण मागे युनियन होती.)

खासगीकरण चांगलं की वाईट, या वादात मला पडायचं नाही. लंडनच्या बसगाड्यांचे मार्ग 1985 पासून टेंडरवर जाऊ लागले. तिथे युनियनही आहेत. प्रश्न टेंडरमध्ये काय लिहिलंय याचा आहे. त्या भागात त्याच कामाला जो पगार मिळतो त्याहून कमी सरकारी कंत्राटात देऊ नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1949 मध्येच आपल्या 94 क्रमांकाच्या करारात घातलं. अमेरिकेत 1964 च्या कायद्याने शहरी वाहतुकीला केंद्राचा पैसा देताना कामगारांचा सामूहिक वाटाघाटीचा हक्क शाबूत ठेवायची अट घातली. गंमत म्हणजे तेव्हा गाडी उलट्या दिशेने चालली होती: खासगी कंपन्या सार्वजनिक होत होत्या आणि त्यात हक्क जाईल ही युनियनची धास्ती होती. ब्रिटनमध्ये 2006 च्या नियमांमुळे कंत्राटदार बदलला तरी कामगार सहसा जुन्याच अटींवर नव्याकडे जातो. अशी तरतूद नसेल तिथे मार्ग तोच, चालक तोच, पण नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

युनियननेही आपल्या पायाखाली पाहावं. एकाच डेपोत दोन पगार चालू झाले तेव्हा आमच्या कायम लोकांच्या युनियनने कंत्राटी चालकाला सभासद करून घेतलं नाही. आमची पिढी निवृत्त झाली, सभासद रोडावले, तेव्हा त्याची आठवण झाली.

टेंडरचा मसुदा निघण्याआधी तो युनियनच्या हाती द्यावा. पगार आणि विश्रांतीची वेळ किलोमीटरच्या दरातून काढून वेगळ्या ओळीत लिहावी, म्हणजे कमी बोली लावणाऱ्याची कात्री त्यावर चालणार नाही.

आपला,
एक निवृत्त वेळापत्रक कारकून