दुपारची साखर बघ, सदा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू म्हणालास, "साखर अडीचशेच्या वर गेली, आता ती स्टेरॉइडची गोळी बंदच करतो," आणि फोन ठेवलास. परत लावला तर उचलला नाहीस. म्हणून लिहायला बसलोय. टपालानं पुण्याला पोचायला वेळ जाईल, तेव्हा पानांचे फोटो काढून तुझ्या थोरल्याच्या मोबाईलवर पाठवतो. वहिनींनाही वाचायला दे.

आज गोळी घेतली नसशील तर आधी दोन घास खा, गोळी घे आणि मगच पुढचं वाच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही.

तुझं कानशील ठणकत होतं, केसांतून कंगवा फिरवला तरी दुखायचं, भाकरी चावताना जबडा भरून यायचा. कानशिलातल्या धमनीला सूज येते तेव्हा ती डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांपर्यंतही जाऊ शकते. त्या बंद पडल्या तर नजर जाते, आणि गेलेली नजर बहुधा परत येत नाही. म्हणून तर तुझ्या डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्यांसाठी न थांबता त्याच दिवशी ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे ही स्टेरॉइडची गोळी, सुरू केलं. तू आज ज्या डोळ्यांनी हे वाचतोयस ते त्या गोळीनं राखलेत, गड्या.

गोळी न सोडण्याचं दुसरं कारण शरीराच्या आतलं आहे. आपल्या मूत्रपिंडांच्या वर अॅड्रिनल ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात, आणि त्याच्या जोरावर आपण आजारपण, जखम, ताप झेलतो. बाहेरून काही आठवडे गोळी मिळत राहिली की या ग्रंथींचं काम मंदावतं. मग गोळी एकदम थांबवली तर शरीराकडं स्वतःचं काहीच उरत नाही. उलट्या, प्रचंड थकवा, रक्तदाब खाली, आणि वेळेत दवाखाना गाठला नाही तर जिवावर बेततं. म्हणून ही गोळी हळूहळू उतरवायची असते. किती आणि कधी, ते डॉक्टरच सांगणार.

आता साखरेचं. यातलं मी पुस्तकात वाचून बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे. आमच्या सुमनला पेम्फिगस, म्हणजे तो कातडीवर नि तोंडात फोड येण्याचा आजार, झाला तेव्हा तू बघायला आला होतास. तोंडात फोड, हिरड्या सोललेल्या, पाठीवर ओले चट्टे. पांढरा रस्सा गार करून द्यायचो तरी घोट गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. तिलाही हेच औषध, तुझ्यापेक्षा जास्त मात्रेत. गुण आला. फोड सुकले, ती परत भाकरी मोडून खायला लागली. घरात दिवाळीच होती. आणि मग तहान सुरू झाली. रात्री उशाचा तांब्या रिकामा व्हायचा, तीन-चारदा उठायची, दिवसा टीव्हीवरची अक्षरं अंधुक दिसतात म्हणायची. आम्हाला वाटलं, वय झालं.

उपाशीपोटी रक्त तपासलं, साखर ९८. सगळ्यांनी हुश्श केलं. तिच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तो कागद बाजूला सारला आणि विचारलं, "दुपारी जेवल्यावर दोन तासांनी कधी बघितलीय का?" त्याच दिवशी बघितली. ३१२.

सदा, मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच. सकाळी आठला घेतलेली प्रेडनिसोलोनची गोळी साखर चढवते ती दुपारपासून संध्याकाळपर्यंत. रात्री तिचा जोर ओसरतो आणि पहाटेपर्यंत साखर पुष्कळदा जागेवर येते. त्यामुळं सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यावर विसंबलास तर फसशील. तू काल सांगितलेला अडीचशेचा आकडा दुपारचा होता ना? मग तुझ्या लॅबवाल्यानं योग्य वेळी रक्त घेतलं, असं समज. एचबीए१सी ही रक्ततपासणी सुद्धा सुरुवातीला दिशाभूल करते. ती गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, आणि तुझी गोळी तर आत्ताच कुठं सुरू झालीय.

असं होतं का, तर स्टेरॉइड तीन ठिकाणी हात घालतं. यकृताला जास्त साखर बनवायला लावतं. स्नायू आणि चरबी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, रक्तातली साखर आत घेत नाहीत. आणि स्वादुपिंडाला जास्तीचं इन्सुलिन सोडायचं असतं नेमकं तेव्हा ते अडवतं. आधी मधुमेह नसलेल्या माणसालाही हे होतं. वय, वजन, घरात कुणाला साखर असणं आणि गोळीची मात्रा, यावर ते कमीजास्त. तुझ्या आईला साखर होती, तेव्हा तुझं चढणं यात नवल नाही. तू काही चुकीचं खाल्लंस म्हणून हे झालेलं नाही.

घरी ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर मोजायचं मशीन, हवंच. आमच्याकडं तपासायच्या वेळा ठरलेल्या आहेत: दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी. सकाळची अधूनमधून. हात आधी साबणानं धुऊन कोरडे कर. बोटाला गूळ, फळ, चहा काहीही लागलेलं असलं तरी आकडा खोटा वाढतो. सुई बोटाच्या टोकावर मारू नकोस, कडेला मार. तिथं कमी दुखतं. पहिल्या थेंबासाठी बोट दाबत बसू नकोस, हात खाली सोडून जरा झटक. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लाव, दमट हवा लागली की त्या बिघडतात. प्रत्येक आकड्यापुढं वेळ, त्या दिवशीची गोळी किती मिलिग्रॅम आणि जेवण काय, हे वहीत लिही. सुमनची वही डॉक्टरीणबाई आधी मागून घेतात, तब्येतीचं मग विचारतात.

आम्हाला सांगितलेला अंदाज असा: जेवणानंतर दोन तासांनी १८०च्या आत असेल तर ठीक. लागोपाठ ३००च्या वर जायला लागली तर वाट न बघता फोन. आणि साखर जास्त असताना उलट्या, गुंगी किंवा बरळणं सुरू झालं तर फोनही नको, सरळ दवाखाना. तुझे आकडे तुझ्या डॉक्टरांकडून लिहून घे.

खाण्याचं बोलायला मी जरा कचरतो, कारण स्टेरॉइडची भूक मी घरात बघितलीय. जेवून अर्धा तास होत नाही तोवर सुमन डबे उघडायची. रडायची सुद्धा, "मला काय झालंय?" म्हणून. ती भूक औषधाची असते. तुझी हाव सुटली असं कुणी म्हणालं तर त्याला हे पान दाखव. उपाशी राहून ती जात नाही. मटकीची उसळ, अंडं, ताक, काकडी, भाजलेले शेंगदाणे मूठभर, असं काहीतरी हाताशी ठेवलं की निभतं. दुपारी आम्ही ताट फिरवलं. आधी पालेभाजी आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडाच. मटण बंद केलं नाही, फक्त मीठ कमी केलं. स्टेरॉइडनं अंगात मीठपाणी साठतं, पाय सुजतात. मिसळीला जातोस तेव्हा उसळ-कट पोटभर घे, ब्रेडवर हात आखड.

गुळाचं मात्र स्पष्ट सांगतो. आता गुऱ्हाळं जोरात आहेत, तुझे मेहुणे कागलहून ढेप आणि काकवी पाठवणारच. "साखर वाईट, गूळ चालतो" हे आपण कोल्हापूरकर छातीठोकपणे सांगत आलो. आपला गूळ चवीला कितीही सरस असला तरी रक्तात गेल्यावर तो साखरच. उसाचा रस तर त्याहून लवकर चढतो. ढेप शेजाऱ्यांना वाट.

आणि गावी आलास की गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिण्याची तुझी जुनी सवय. स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळं कच्चं दूध सध्या पूर्ण बंद. घरी आण, उकळ, आणि पेलाभरच घे.

जेवल्यावर आडवा होऊ नकोस. साखर चढायची वेळ दुपारचीच आहे, तेव्हा वीस मिनिटं चाललास तर त्याचा उपयोग तिथंच होतो. सुमन उन्हामुळं घरातल्या घरात फेऱ्या मारते आणि संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर जातो. चालण्याचं आणखी एक कारण आहे. या गोळीनं मांड्यांचे स्नायू झिजतात, खालून उठताना हात टेकावे लागतात. हाडंही विरळ होतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर तू विचार.

डॉक्टर कदाचित इन्सुलिन सांगतील. घाबरू नकोस. आपल्या मनात इन्सुलिन म्हणजे शेवट, असं बसलंय. इथं तसं नाही. सुमनला सकाळच्या गोळीबरोबरच एनपीएच इन्सुलिन दिलं होतं, कारण त्याचा जोरही दुपारी असतो. गोळी साखर चढवते त्याच वेळी ते ती खाली ओढतं. कुणाला गोळ्यांवर भागतं, कुणाला नाही.

यातली जपायची गोष्ट पुढं येते. स्टेरॉइडची मात्रा कमी होत गेली की साखरही उतरते, आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं तर ती फार खाली जाते. म्हणून दर वेळी डॉक्टर गोळी कमी करतील तेव्हा तिथंच विचार, "साखरेच्या औषधाचं काय करायचं?" दोन वेगळे डॉक्टर असतील तर एकाचा कागद दुसऱ्याला दाखव. गेल्या पावसाळ्यात सुमनची गोळी उतरवत होते तेव्हा एकदा संध्याकाळी ती दिवा लावता लावता थांबली. हात थरथरत होते, कपाळावर घाम, आणि माझ्याकडं बघून नुसतं "कसंतरी होतंय" म्हणाली. मशीनवर ६४. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितली, ९१. मग थोडं खाऊ घातलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन केला. दुसऱ्या दिवसापासून इन्सुलिन कमी झालं. तेव्हा एरवी साखर टाळायची खरी, पण खिशात साखरेची पुडी कायम हवी. ७०च्या खाली आकडा गेला की ती औषध आहे.

आणखी थोडं. पायाला जखम होऊ देऊ नकोस, जोतिबाला अनवाणी चढणं यंदा नको. स्टेरॉइडनं ताप दबतो, त्यामुळं जंतुसंसर्ग आत वाढत असला तरी अंग गरम लागेलच असं नाही. उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर लगेच दवाखान्यात जा, तिथं इंजेक्शनमधून देतात. आणि पाकिटात एक चिठ्ठी ठेव: औषधाचं नाव, मात्रा, कधीपासून. रस्त्यात काही झालं तर बघणाऱ्या डॉक्टरला ते कळलंच पाहिजे.

तुला कुणीतरी सांधेदुखीवरच्या आणि मधुमेहावरच्या औषधाची पुडी सुचवलीय, असं वहिनी म्हणाल्या. नाव-गाव न छापलेल्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइडच मिसळलेलं सापडलंय, तेही किती ते न सांगता. तुझ्या चाळीसवर आणखी किती चढलं हे कुणालाच कळणार नाही. ती पुडी घरातसुद्धा ठेवू नकोस.

सुमनची साखर, गोळी पाच मिलिग्रॅमवर आली तेव्हा बऱ्यापैकी जागेवर आली. इन्सुलिन सुटलं. सगळ्यांचं तसंच होतं असं नाही, काहींचा मधुमेह मागं राहतो, त्यामुळं तिची तपासणी अजून चालू आहे आणि तुझीही गोळी संपल्यावर चालू ठेवावी लागेल. पण तुझी अडीचशे आज आटोक्यात आणता येण्यासारखी आहे, आणि गोळी चालू ठेवून आणता येण्यासारखी आहे.

गुरुवारी तुझी तपासणी आहे ना? मी बुधवारी दुपारच्या एसटीनं येतोय, तुझ्याबरोबर आत येईन. तोवरचे आकडे वहीत लिहून ठेव. आमच्याकडचं जादाचं मशीन आणि पट्ट्या आणतो, विकत घेऊ नकोस. तोवर शेजारच्या काकांचं मशीन माग. आणि आज जेवल्यावर दोन तासांनी जो आकडा येईल तो मला फोन करून सांग. या वेळी उचलणार मी, ठेवायचा तू नाहीस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास