गॉगलमधलं पाणी थांबवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, एवढं आता मला तुमच्याबद्दल कळलंय. पण नाशिकला त्र्यंबक रोडच्या पोहण्याच्या तलावावर सकाळी येणाऱ्या बायकांपैकी कुणीही हे वाचलं, तर पत्र कुणाला आहे ते सांगायची गरज पडणार नाही. माझ्या लेकीची जिल्हा पातळीवरची पोहण्याची स्पर्धा झाली, मेडल काही आलं नाही, तरी माझं मन इतकं भरून आलंय की हे लिहिल्याशिवाय चैन पडेना.

माझी लेक अकरा वर्षांची. पाण्याचं तिला वेड आहे. असं असूनही मागच्या पावसाळ्यापासून ती तलावावर जायचं म्हटलं की पोट दुखतं म्हणायची. कारण एकच, गॉगलमध्ये पाणी शिरायचं. क्लोरीननं डोळे लाल व्हायचे, भिंत दिसायची नाही, वळताना डोकं आपटायची भीती. तेव्हाच्या बॅचचे सर म्हणाले, "पट्टा आवळा, सवय होईल." पट्टा आवळला. डोळ्यांभोवती गोल वळ घेऊन पोरगी शाळेत जायची आणि पाणी तरीही शिरायचंच. ज्या दुकानातून गॉगल घेतला होता तिथे परत गेलो, तर त्यांनी तो हातातही न घेता त्याच्या दुप्पट किमतीचा दुसरा काढून ठेवला. सोबत पंज्यांना बांधायची, हातापेक्षा कितीतरी मोठी पॅडल्स, पायात घालायचे लांब पात्यांचे फिन्स आणि स्पर्धेसाठी म्हणून एक घट्ट सूट. "दोन साइज लहानच घालतात मॅडम, सगळे हेच नेतात." मी पोहणारी नाही. माझ्यासारख्या आईला यातलं काय लागतं आणि काय नाही, हे सांगणं ज्यांचं काम होतं, त्यांनी फक्त बिल केलं. राग अजून गेलेला नाही, तो लपवतही नाही.

आणि मग तुम्ही.

थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. तुमचं पोहणं आटोपलं होतं, खांद्यावर टॉवेल टाकून तुम्ही निघालाच होतात. माझी लेक बाकड्यावर मुसमुसत बसली होती. तुम्ही तिच्यासमोर ओल्या फरशीवर उकिडव्या बसलात आणि मला नाही, तिला विचारलंत, "बाळा, पाणी नेमकं कुठून शिरतं? बोट लावून दाखव बरं."

तिनं डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यावर, नाकाच्या अगदी कडेला बोट ठेवलं.

ताई, तोपर्यंत सगळे माझ्याशी बोलत होते. सर माझ्याशी, दुकानदार माझ्याशी, बॅचमधल्या इतर आयाही माझ्याशीच. जिच्या डोळ्यात पाणी जात होतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही गॉगलचा पट्टा न घालता नुसत्या काचा तिच्या डोळ्यांवर हलकेच दाबल्यात आणि हात काढलात. उजवी बाजू चिकटून राहिली, डावी लगेच सुटली. "बघ, हिचं नाक अरुंद आहे, गॉगलची नाकावरची पट्टी लांब आहे. पट्टा कितीही आवळला तरी हे बसायचं नाही." मग विचारलंत, "याची डबी आहे का गं?" डबी तिच्या पिशवीतच होती. तिच्यात एका पुडीत त्याच पट्टीचे लहानमोठे तुकडे होते, न फोडलेले. दुकानात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तुमची बोटं गारठलेली, जुनी पट्टी नखानं निघेना. टॉवेलच्या टोकात धरून ओढलीत, सगळ्यात आखूड पट्टी खटकन बसवलीत आणि तिला म्हणालात, "जा, एक चक्कर मारून ये. मी आहे इथे."

तुम्ही खरंच थांबलात, ओल्या केसांनी, त्या गारठ्यात. ती पलीकडच्या भिंतीला हात लावून परत आली आणि गॉगल वर करून माझ्याकडे नाही, तुमच्याकडे बघून हसली. आणखी एक पैसा खर्च न होता माझी पोरगी पुन्हा पोहायला लागली.

त्यानंतर तुम्ही जे जे सांगत गेलात ते मी वहीत लिहून ठेवलंय. थोडं इथेही लिहिते, कारण मी फसले तशी दुसरी कुणी आई फसू नये. गॉगलची आतली बाजू बोटानं कधी पुसायची नाही, वाफ न धरण्यासाठीचा थर तिथेच असतो. साध्या पाण्यात विसळून सावलीत वाळवायचा. उघड्या तलावावर ऊन डोळ्यांवर येतं, बॅकस्ट्रोकला, म्हणजे पाठीवर पोहताना, तर सरळच, म्हणून तिथे गडद काच, बंदिस्त तलावात पारदर्शक. रबरी लॅटेक्सची टोपी केस ओढते, लांब केसांच्या मुलींना सिलिकॉनची बरी. रोजच्या सरावाला पॉलिस्टरचा कॉस्च्युम घ्यायचा, कारण लायक्रा क्लोरीननं लवकर सैल पडतं. पॅडल्स तर तुम्ही सरळ बाजूलाच ठेवायला लावलीत. पाण्यात हात मारण्याची पद्धत अजून नीट बसली नाही, त्यात मोठी पॅडल्स घातली तर सगळा भार खांद्यावर येतो, हे तुम्ही तिचा हात पाण्यात धरून दाखवलंत. लांब फिन्सनं पायांचा वेग मंदावतो म्हणून तुमच्या ओळखीच्या एका मुलीचे लहान झालेले आखूड फिन्स आणून दिलेत. हातात धरायचा किकबोर्ड आणि पायांत धरायचा पुलबॉय, ही तरंगायची साधनं तलावावर मिळतातच, ते विकत कशाला?

त्या घट्ट सूटबद्दल तुम्ही जे सांगितलंत, ते मी घरी सगळ्यांना सांगितलं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या सुमारास असे सूट गाजले. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. शेवटी १ जानेवारी २०१० पासून पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या सूटवर बंदी घालावी लागली. आता सूट कापडाचाच हवा, मुलींचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, मुलांचा बेंबीपासून गुडघ्यापर्यंत. आणि अमेरिकेच्या जलतरण संघटनेनं २०२० मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना असे खास रेसिंग सूट स्पर्धेत घालायलाच मनाई केली. "तिथे नको म्हणतात आणि इथे अकरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात मारतात," एवढंच तुम्ही बोललात. कुणाला नावं ठेवली नाहीत. माझ्या तोंडून मात्र बरंच काही निघालं.

स्पर्धेच्या दिवशी तुमचं ऐकून एकही नवी वस्तू अंगावर चढवली नाही. सरावातलाच कॉस्च्युम, सरावातलाच गॉगल. आधी एक टोपी, तिच्यावर गॉगल, वरून दुसरी टोपी, म्हणजे डाइव्ह मारताना पट्टा सरकत नाही. पिशवीत जादा गॉगल. पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, ती मधल्या नंबरावर आली, स्वतःचं टायमिंग मात्र सुधारलं. दोन्ही डोळे उघडे ठेवून पोहली, हे मला मेडलपेक्षा मोठं आहे.

माझे सासरे पाठीला पत्र्याचा डबा बांधून गोदावरीत पोहायला शिकले. पोहायला अवजारं कसली लागतात, असं ते या सगळ्या खरेदीवर म्हणायचे. तुमची हकीकत ऐकल्यावर म्हणाले, त्यांनाही घाटावरच्या एका अनोळखी माणसानं शिकवलं होतं. त्यानं ना फी घेतली, ना नाव सांगितलं. ज्याला येतं त्यानं न येणाऱ्याला सांगायचं, हीच तेव्हाची रीत. ती रीत अजून आहे, ताई. तिला पाटी नाही, पावती नाही, म्हणून आमच्यासारख्यांना ती उशिरा सापडते. जाहिरात करणारे आधी भेटतात आणि तुमच्यासारखी माणसं आपलं पोहणं उरकून निघून जात असतात. त्या दिवशी तुम्ही निघून गेला नाहीत, याचे आभार कोणत्या शब्दांत मानू?

आता एक विचारायचं राहिलंय. पुढच्या वर्षी तिला शंभर मीटर बटरफ्लाय करायचंय आणि सरावाचा कॉस्च्युम खांद्याला आखूड पडायला लागलाय. नवा तुम्हाला दाखवल्याशिवाय घेणार नाही. एखाद्या रविवारी वेळ काढाल का? मेन रोडला आपण तिघी मिळून जाऊ, आणि त्याआधी आमच्याकडे जेवायलाच या. सासरेही तुमची वाट बघतायत.

तुमची,
तलावाच्या कडेला बसणारी एक आई