सुट्या प्रती

लाइपझिग, १२ डिसेंबर

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल संध्याकाळी इथल्या सेंट थॉमस चर्चमध्ये योहान सेबास्टियन बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचा ‘ख्रिसमस ओरॅटोरिओ’ (नाताळाची कथा गायन-वादनातून सांगणारी मोठी रचना) ऐकला आणि खोलीवर परतेपर्यंत तुझीच आठवण येत राहिली.

या रचनेचे सहा भाग आहेत. १७३४ च्या नाताळापासून १७३५ च्या ६ जानेवारीपर्यंत, सहा वेगवेगळ्या दिवसांच्या उपासनेत ते प्रथम गायले गेले. नाताळाआधीच्या शेवटच्या तीन रविवारी लाइपझिगच्या चर्चमध्ये कॅन्टाटा, म्हणजे उपासनेतली वाद्यांच्या साथीची गायनरचना, न गाण्याची रीत होती, त्यामुळे बाखला एवढ्या मोठ्या कामासाठी थोडी उसंत मिळे. बरेचसे संगीत त्याने आधी राजघराण्यातील वाढदिवसांसाठी रचलेले होते, आणि आरंभीच्या समूहगानाखाली हस्तलिखितात त्याने जुनेच शब्द, ‘वाजा, नगाऱ्यांनो’, लिहून मग खोडले आहेत. घाईत हात जुन्या वाटेने गेला असावा. ती खाडाखोड मला फार जवळची वाटते.

पण स्वरलेखन पुरे झाले म्हणजे काम संपत नसे. प्रत्येक गायकाला आणि वादकाला फक्त आपल्या स्वरांची सुटी प्रत लागे, आणि पाच टोकांच्या लेखणीने रेघा आखून ती पिसाच्या लेखणीने हातानेच उतरवावी लागे. बाखच्या घरी हे काम शिष्य, मुलगे आणि पत्नी अण्णा माग्डालेना मिळून करीत. १७३३ च्या जुलैत ड्रेस्डेनच्या दरबाराला दिलेल्या ‘मिस्सा’ या लॅटिन प्रार्थना-रचनेच्या सुट्या प्रतींत बाखबरोबर तिचे आणि थोरल्या दोन मुलांचे अक्षर आहे. पुढच्या वर्षीच्या नाताळापर्यंत ते दोघेही मुलगे घर सोडून गेले होते. म्हणजे ऐन गर्दीच्या दिवसांत दोन सराईत हात कमी झाले होते.

अण्णा माग्डालेना दरबारी तुतारीवादकाची मुलगी आणि स्वतः दरबारात पगारावर गाणारी गायिका होती. तिचे अक्षर नवऱ्याच्या अक्षराशी इतके मिळतेजुळते होते, की चेलो या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यासाठी रचलेल्या त्याच्या सुइट्सची (नृत्यांच्या चालींवरच्या रचनामालांची) तिने केलेली प्रत पुष्कळ काळ त्याच्याच हातची समजली गेली.

हे वाचले तेव्हा मला आपल्या माजघरातला कंदील दिसला. गुरुपौर्णिमेच्या आदल्या रात्री बाबांच्या शिष्यांसाठी तू बंदिशी उतरवून काढायचीस, कोमल स्वरांखालच्या आडव्या रेघा आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ एकही न चुकवता, आणि सकाळी आम्ही त्या वह्यांना ‘बाबांच्या वह्या’ म्हणायचो. त्यांतली कोणती पाने तुझ्या हातची आहेत, हे आज मलाही ओळखता येत नाही.

म्हणून एक विनंती आहे. दादाला सांगून त्या वह्या माळ्यावरून खाली काढून कोरड्या कपाटात ठेव, आणि बाबांना शेजारी बसवून, जे जे पान तुझ्या हातचे असेल त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तुझे नाव लिही. मे महिन्यात मी आले, की आपण ती पाने मिळून पाहू.

बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझी,
लेक